घंटा कधी वाजवावी

४ फेब्रुवारी

भोंग्या,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. चार वर्षांनी तुला पहिली ओळ लिहितेय, ती काही प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही. आज ऑफिसात तुझ्यामुळे माझा फायदा झाला आणि कुणाचं फुकटचं काही ठेवून घ्यायची मला सवय नाही, म्हणून कळवते.

झालं असं, की तुझ्या कंपनीची फाइल आमच्या कर खात्यात आली आहे. परदेशी इंटरनेट कंपन्या इथे बक्कळ कमावतात आणि कर भरायची वेळ आली की कानावर हात ठेवतात, म्हणून सरकारने गेल्या वर्षी नवा कायदा केला. त्या कायद्याखालची ही पहिली मोठी केस. अठरा वर्षं मी सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने तपासले, भोंग्या. शिंकले तरी राखाडी धूळ निघते. ही फाइल मला इतकी हवी होती, की मोठ्या मॅडमच्या खोलीबाहेर मी दोन दिवस उगाच पाणी प्यायला जात होते.

मॅडमनी फाइल देण्याआधी एक छापील अर्ज पुढे केला. ‘सदर कंपनीत आपले कोणी नातेवाईक आहेत काय?’ मी खरं ते लिहिलं: सख्खा भाऊ, मुख्य कार्यालयात नव्या विक्रेत्यांना शिकवतो. मला वाटलं, संपलं सगळं. पण पुढे आणखी एक रकाना होता. ‘त्यांच्याशी संबंध कसे आहेत?’ तिथे लिहिलं, ‘चार वर्षे अबोला.’

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, वाढदिवसालासुद्धा नाही? म्हटलं, नाही. मग त्यांनी समासात हिरव्या शाईने लिहिलं, ‘मग हरकत नाही. संबंध सुधारल्यास त्वरित कळवावे.’

म्हणजे तुझ्याशी न बोलणं ही आता माझी सरकारी पात्रता आहे. फाइल मिळाली. आनंदाने घरी चालत आले, बस सोडून दिली.

हे पत्र तुला पाठवता येणार नाही, हे उघड आहे. या केसवर माझ्याबरोबर एक सहकारी आहेत, बावन्न वर्षांचे, प्रत्येक वाक्याला खाली बारीक अक्षरात पुस्ती जोडल्यासारखे बोलतात, म्हणून सगळे त्यांना तळटीप म्हणतात. त्यांना मी सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, टपालात टाकलं तर ते बोलणं, न टाकता ठेवलं तर ते नुसतं लिहिणं. मला हा अर्थ पटला. पत्र बाबांच्या साप्ताहिकाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जाईल.

आणि हाताने का लिहितेय विचारशील, तर ईमेल तुझ्या कंपनीची आहे. चोराच्या घरी किल्ली ठेवायची पद्धत आमच्यात नाही.

रकान्यापुरती तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

भोंग्या,

दोन आठवडे फाइल वाचतेय. तुझ्या मालकांची हुशारी मान्य करायला हवी. आपल्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला तुमच्याकडे जाहिरात देतो. ती जाहिरात बघतो कोण, तर आपली गल्ली. पाव खातो कोण, तर आपली गल्ली. आणि नफा कुठे झाला, तर म्हणे एका बेटावर, जिथे कर जवळजवळ नाही. त्या बेटावरच्या ऑफिसचा फोटो फाइलीत आहे. एका दारावर एक पत्रपेटी आहे आणि तिच्यावर एकोणचाळीस कंपन्यांची नावं. बेकरीवाल्याला मी विचारलं, बेटावर कधी गेला होतास का? तो म्हणाला, ताई, मला दुपारी झोपायला घरी जायला जमत नाही.

इथेही तुमचं ऑफिस आहेच, सातव्या मजल्यावर, अकरा माणसं. पण कंपनीने लिहून दिलंय, की ही अकरा माणसं फक्त ग्राहकांच्या शंकांना उत्तरं देतात, सौदा इथे होत नाही, सगळे करार बेटावर होतात. नवा कायदा म्हणतो, सही कुठे झाली ते आम्हाला नको सांगू, सौदा कुठे ठरला ते सांग. इथे ठरला असेल तर त्या नफ्यावरचा कर इथला. तेव्हा मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: सौदा इथे, या अकरा माणसांच्या तोंडून पक्का होतो. आणखी दहाबारा देशांची सरकारंही तुमच्या मागे याच प्रश्नाने लागलीत, पण अजून कुणाच्या हाताला काही लागलेलं नाही. कागद इतके स्वच्छ आहेत की संशय यावा.

बाबा बरे आहेत. तुला कशाला सांगतेय कुणास ठाऊक. दर रविवारी दहा वाजता दाढी करायला न्हाव्याकडे जातात आणि तासाभराने परत येतात, दाढी तशीच. विचारलं की म्हणतात, गर्दी होती. चार वर्षं त्या न्हाव्याकडे दर रविवारी गर्दी असते. वय झालं की माणसाला घराबाहेर पडायला निमित्त लागतं, असं समजून मी गप्प बसते.

तुझी खोली कालच झाडली. धूळ साचली होती म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मला अजून राग आहे, हे मात्र नोंदवून ठेव. बाबांचं छोट्या जाहिरातींचं साप्ताहिक बंद पडलं, त्याला चार वर्षं झाली. भाड्याने खोली, हरवलेली मांजर, जुनी शिलाई मशीन, पन्नास शब्दांची जाहिरात आणि दर शुक्रवारी अंक. मी माझ्या पगारातून त्यात दोनदा पैसे घातले होते, का, तर बाबांचा जीव त्यात होता. आणि तू काय केलंस? तुझ्या या कंपनीचं इथलं ऑफिस उघडायला गेलास, आणि जाताना बाबांची गिऱ्हाइकांची वही आणि काउंटरवरची पितळी घंटा घेऊन गेलास. गिऱ्हाइकं तुमच्याकडे, साप्ताहिकाला दोन महिन्यांत कुलूप. मी तुझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन घरमालकासमोर तुला चोर म्हणाले. तू एक शब्द बोलला नाहीस. निर्दोष माणूस असा गप्प उभा राहतो का?

वर्षभराने तू मुख्य कार्यालयात गेलास, समुद्रापलीकडे. निरोप घ्यायला आलास तेव्हा मी आंघोळीला गेले होते. सव्वा तास.

ताई

६ मार्च

भोंग्या,

आज तुझ्या जुन्या ऑफिसात गेलो, मी आणि तळटीप. आधी कळवून गेलो होतो, त्यामुळे सगळे सकाळपासून शहाण्यासारखे बसले होते. व्यवस्थापकाने कॉफी दिली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आम्ही शंकांना उत्तरं देतो. आम्ही माहिती देतो. आम्ही काहीच विकत नाही. टेबलं पुसलेली, फळे पुसलेले. एका काचेच्या फळ्यावर तर ओल्या फडक्याची पट्टी अजून वाळायची होती.

साडेअकराला खिडकीपाशी बसलेली एक मुलगी फोनवर बोलत होती. हळू आवाजात, बिचारी. मग तिने फोन ठेवला, ताडकन उठली, धावत कोपऱ्यात गेली आणि तिथल्या स्टुलावरची घंटा हलवली. टण टण टण. सगळं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. व्यवस्थापकानेही दोन टाळ्या वाजवल्या, मग त्याचे हात हवेतच थांबले.

इतकी शांतता मी कारखान्यातल्या छाप्यातसुद्धा ऐकली नव्हती.

तळटीप यांनी पेन उघडलं आणि विचारलं, हे काय होतं? व्यवस्थापक म्हणाला, वाढदिवस. कुणाचा? त्याने त्या मुलीकडे बोट केलं. तळटीप यांनी उभं राहून तिला शुभेच्छा दिल्या आणि वहीत नोंद केली. बारा वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या कोपऱ्यातला एक दाढीवाला उठला, आणि सवयीचा गुलाम, त्यानेही घंटा वाजवली. तळटीप म्हणाले, “आज दोन वाढदिवस. याखाली एक टीप जोडावी लागेल.”

मी हसू आवरायला खिडकीकडे वळले, आणि मग घंटेजवळ गेले. मुठीला निळी वायर गुंडाळलेली होती. सात वेढे, पाचवा वाकडा.

तो पाचवा वेढा मी वाकडा घातला होता, भोंग्या. मी नऊ वर्षांची होते, मूठ सैल झाली होती आणि बाबांनी मला वायर दिली होती.

तळटीप यांना मी काही बोलले नाही. घंटेवर रुमाल टाकून पावती केली आणि ती पुरावा म्हणून ताब्यात घेतली. संध्याकाळपासून हातांना पितळेचा वास येतोय. साबणाने दोनदा धुतले, तरी जात नाही. खरं तर तिसऱ्यांदा धुवावेसे वाटले नाहीत.

ताई

७ मार्च

भोंग्या,

आज रविवार होता. बाबा दहाला निघाले. मी म्हटलं, थांबा, मीही येते, मला केस कापायचेत. बाबा म्हणाले, तिथे बायकांचे कापत नाहीत. म्हटलं, मग बाहेर बसेन. ते चप्पल घालता घालता थांबले आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

मी घंटेचं सांगितलं. ऑफिसातली घंटा, निळी वायर, सगळं. वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, “अजून वाजवतात? आवाज कसा आहे? फुटला नाही ना?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, आणि मी त्यांच्यासमोर चहाचा कप धरून बसले ती चहावर साय धरली तरी बसलेच होते.

वही त्यांनीच दिली होती तुला. घंटाही त्यांनीच. साप्ताहिक तू जायच्या आधी वर्षभर बुडालेलंच होतं, अंक निघायचे ते उधारीच्या कागदावर. मी घातलेले पैसे केव्हाच संपले होते आणि मला ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. तुला मात्र ठाऊक होतं, कारण छापखान्याचे फोन तू घ्यायचास. त्यांनी तुला नोकरी घे म्हणून सांगितलं, आणि म्हणाले, ही माणसं वीस वर्षं माझ्याकडे येतायत, ती कुणा अनोळखी माणसाच्या हाती जाऊ नयेत, तूच सांभाळ. आणि तुझ्याकडून वचन घेतलं, की ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही.

आणि मग मी येऊन तुला चोर म्हणाले. आणि तू वचन पाळलंस, गाढवा.

मी बाबांना विचारलं, चार वर्षं तुम्ही का नाही बोललात? ते म्हणाले, “तू माझ्या बाजूने इतकं मनापासून भांडत होतीस, की मध्ये बोलायचा धीर झाला नाही. मग एक वर्ष गेलं. वर्ष गेल्यावर तर आणखीनच अवघड होतं.”

न्हाव्याकडे फोन आहे, हेही कळलं. दर रविवारी तू तिथे फोन करतोस. न्हावी म्हणे बाबांना खुर्चीत बसवून गळ्याभोवती पांढरा कपडासुद्धा बांधतो, कुणाला संशय नको म्हणून. चार वर्षं. आणि मी कर चुकवणाऱ्यांना पकडते.

मी बाबांवर ओरडले. मग रडले. मग तो न्हावी आठवला आणि हसायला लागले, तसे बाबाही हसले, आणि मग आम्हा दोघांना थांबता येईना. मला इतकं हलकं कधी वाटलं होतं ते आठवत नाही. माझा भाऊ चोर नाही. हे वाक्य मी आज स्वयंपाकघरात एकटीने मोठ्याने म्हणून बघितलं.

ताई

१० मार्च

भोंग्या,

तीन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. तुला खरं सांगायचं तर विचार डळमळला होता.

अर्जातल्या त्या रकान्यापायी ही केस माझी आहे. तुझ्याशी बोलले, की गेली. आणि तुझ्याशी बोलायची इच्छा तर अशी उसळी मारतेय, की काल बसमधून तुझ्यासारखा चालणारा एक माणूस दिसला आणि मी एक थांबा आधीच उतरले. एकीकडे अठरा वर्षांतली एकमेव धूळ नसलेली फाइल, दुसरीकडे तू. मी मनाला म्हटलं, केस संपेपर्यंत सहा महिने गप्प बस, चार वर्षं बसलीस तर सहा महिने काय जड आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आज कंपनीच्या वकिलांचं आठ पानी पत्र आलं. घंटा ही म्हणे कर्मचाऱ्यांच्या मनोरंजनाची वस्तू आहे, तिचा कामकाजाशी संबंध नाही. ती घंटा कशासाठी असते, हे त्या ऑफिसाबाहेर तीनच माणसांना ठाऊक, आणि त्यातला एक शहरात नाही. बाबांचा नियम आठवतो ना? होकार आधी, घंटा मग, कागद सावकाश. गिऱ्हाईक ‘हो’ म्हणेपर्यंत घंटेला हात लावायचा नाही. हरवलेल्या मांजरीच्या जाहिरातीसाठी आलेली ती बाई दारात अर्धा तास घुटमळली होती आणि तू उतावीळपणाने घंटा हलवलीस, तेव्हा बाबांनी तुझा कान धरला होता. मी हे सांगितलं नाही तर ती मनोरंजनाचीच राहणार. आणि सांगायचं, तर हेही सांगावं लागणार की घंटा आमच्या घरची आहे.

दुपारी मॅडमकडे गेले. तोच छापील अर्ज नव्याने भरून दिला. ‘संबंध कसे आहेत?’ या रकान्यात लिहिलं, ‘चांगले. चूक माझी होती.’

मॅडमनी वाचलं. विचारलं, बोललात का त्यांच्याशी? म्हटलं, अजून नाही, पण आता बोलल्याशिवाय राहवणार नाही. त्या बराच वेळ हिरवं पेन बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्याइतकं कुणी या केसमागे उभं राहिलं नसतं. फाइल तळटीपांकडे द्या.”

दिली. देण्याआधी तिची नाडी दोनदा सोडून बांधली, खोटं कशाला बोलू. पण जिना उतरताना मी शीळ घालत होते. आता खाली जाऊन तुला फोन करायचा, नंबर बाबांकडून घ्यायचा, असं ठरवलं होतं.

पहिल्या मजल्यावर तळटीप धावत आले, धापा टाकत. म्हणाले, एक टीप राहिली. आता तुम्ही साक्षीदार आहात आणि घंटा तिथे नेणारे म्हणून तुमचे बंधूही साक्षीदार होणार. निकाल लागेपर्यंत दोन साक्षीदारांनी एकमेकांशी बोलायचं नसतं.

बघितलंस? चार वर्षं बोलायला कुणाची आडकाठी नव्हती, तेव्हा मी आंघोळीला जाऊन बसत होते. आता बोलायचं आहे तर कायदा आडवा आला. पत्र डब्यातच जाईल.

बाबांना मी तुझ्यासाठी कसलाही निरोप दिलेला नाही. रविवारी ते न्हाव्याकडे काय बोलतात, ते मी विचारत नाही. फक्त येत्या रविवारी ते निघताना म्हणणार आहे, सावकाश या, गर्दी असेल.

तुझी साक्षीदार,
ताई

२४ मे

भोंग्या,

आज सुनावणी झाली. आधी माझी साक्ष. मी लहानपणची बाबांच्या काउंटरवरची घंटा, वायरीचे वेढे, होकाराचा नियम, सगळं सांगितलं. कंपनीचे वकील सभ्य होते, पण पुरावा तुटत नाही म्हटल्यावर साक्षीदाराला धरलं. म्हणाले, तुम्ही भावाशी चार वर्षं बोलत नाही, म्हणजे ही साक्ष रागापोटी नाही कशावरून? म्हटलं, राग सात मार्चला संपला, साक्ष त्यानंतरची आहे. लिहिणाऱ्याने तारीख पुन्हा विचारून घेतली.

मग मला मागच्या बाकावर बसू दिलं. तळटीप उठले आणि म्हणाले, खात्याने या बंधूंना लेखी प्रश्न पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं आहे, आणि उत्तराला एक पान जोडलं आहे.

मला ते पान ठाऊक नव्हतं. इथलं ऑफिस उघडलंस तेव्हा नव्या लोकांसाठी तू हाताने लिहिलं होतंस म्हणे, आणि अजून दर नव्या माणसाला त्याची प्रत देतात. तळटीप यांनी ते वाचलं. आज पहिल्यांदा त्यांनी एखादं वाक्य टीप न जोडता पुरं केलं.

‘घंटा कधी वाजवावी. ग्राहक हो म्हणाला की लगेच. त्याआधी एक क्षणही नाही. कागद बाहेरून येत राहतील, पण सौदा तुमच्यासमोर, इथे झालेला असतो. होकार आधी, घंटा मग, कागद सावकाश. हे मला एका संपादकांनी शिकवलं.’

पान मिळाल्यावर खात्याने पुन्हा लिहून विचारलं होतं, हे संपादक कोण? आणि तुझं उत्तर, तीन शब्दांचं: ‘ते माझे वडील.’ खाली सही. लहान होतास तेव्हा करायचास तशीच, शेवटी उगाच एक शेपूट काढलेली.

तुला ते पान देणं भाग नव्हतं. तुला कुणी मागितलं नव्हतं. आठवत नाही म्हणाला असतास तर तुझी नोकरी निर्धास्त राहिली असती. कंपनीचे वकील खाली बघून कागद जुळवत बसले आणि मी मागच्या बाकावर नाक शिंकरत बसले. शेजारच्या माणसाने विचारलं, सर्दी झालीय का? म्हटलं, सिमेंटची धूळ आहे, जुनी.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना पान जसंच्या तसं सांगितलं. घरी येताना ते दोन थांबे चालू या म्हणाले.

ताई

३० ऑगस्ट

भोंग्या,

निकाल लागला, त्याला आता दीड महिना झाला. इथला नफा इथला ठरला. कर तर भरायचाच, पण मला जास्त गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची: कंपनीने अपील केलं नाही. सगळीकडे भांडत बसण्यापेक्षा इथे रीतसर ऑफिस थाटायचं, करार इथल्याच नावाने करायचे, असं तुमच्या मोठ्यांनी ठरवलं. सातव्या मजल्यावर कंपनीच्या नावाची पाटी लागली. इतकी वर्षं दारावर पाटीच नव्हती. तळटीप ती बघायला मुद्दाम गेले आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून आले.

मॅडमनी मला पुढची फाइल दिली आहे. भाड्याने गाड्या जोडून देणारी परदेशी कंपनी. नात्यातलं कुणी तिथे नाही, मी पाहुण्यारावळ्यांसकट चौकशी केली.

निकाल त्या दिवशी सव्वातीनला वाचला. तीन वाजून वीस मिनिटांनी मी जिन्यात उभी राहून तुला फोन लावला. पुढचं तुला ठाऊक आहे, पण मी तरी लिहून ठेवते. तू म्हणालास, “काय गं ताई.” मी म्हणाले, “काय रे.” आणि मग आपण अकरा मिनिटं तिथल्या हवेबद्दल बोललो. थंडी किती, वारा किती, स्वेटर घालतोस का. माझ्या पोटात एक वाक्य तयार होतं, चार महिने घोटलेलं, आणि मी विचारलं काय, तर छत्री वापरतात का तिकडे? फोन ठेवल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

नंतर बाबा सांगतात, की इथल्या नव्या ऑफिसाला प्रमुख हवा आहे आणि तू अर्ज केलायस. ही बातमीही न्हाव्याकडूनच यायची होती. म्हणजे कर बसला म्हणून पाटी लागली, पाटी लागली म्हणून खुर्ची आली, आणि खुर्चीवर बसायला तू येतोयस. खात्याने अठरा वर्षांत मला याहून मोठी बढती दिलेली नाही.

खोली झाडली. धूळ नव्हती. तुझ्यासाठी झाडली.

ताई

२१ सप्टेंबर, सकाळ

प्रिय भोंग्या,

तू आतल्या खोलीत घोरतोयस. घोरण्याचा आवाज इतका आहे, की तुझं नाव भोंग्या का ठेवलं होतं ते वेगळं सांगायला नको. प्रवासाने दमला असशील, म्हणून उठवत नाही. हे पत्र आणि याखालचा गठ्ठा टेबलावर ठेवतेय. डब्यातली सगळी पत्रं आहेत, तारखेप्रमाणे लावलेली. पहिली दोन वाचताना राग येईल. यायलाच हवा. पुढे वाच.

गठ्ठ्यावर जी आहे ती घंटा. केस मिटल्यावर पुराव्याच्या वस्तू मालकाला परत देतात. खात्याने विचारलं, मालक कोण? कंपनी म्हणाली, आमची नाही. मी म्हटलं, माझी नाही. शेवटी बाबा जाऊन सही करून घेऊन आले. तेव्हापासून ती घरात आहे आणि एकदाही वाजलेली नाही, कारण बाबा हात लावू देत नाहीत. म्हणतात, इथे कुणाचा होकार झालाय? काल रात्री जेवताना त्यांनी तुला विचारलं, आता इथेच राहणार ना, आणि तू घास तोंडात घेऊन मान हलवलीस. बाबांनी घंटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान चालत नाही, हे तुला ठाऊक आहे.

माझंही एक विचारायचं राहिलं आहे. विमानतळावर ते ओठांवर आलं होतं, आणि तुझी बॅग उचलून मी म्हटलं काय, तर एवढं काय भरलंयस दगड? मला समोरासमोर जमत नाही, भोंग्या. लिहायला जमतं.

मी घरमालकासमोर तुला चोर म्हणाले. तू नव्हतास, आणि तू गप्प राहिलास ते बाबांसाठी, आणि खरं बघितलं तर माझ्यासाठीही, कारण माझे पैसे बुडाले हे मला कळू नये म्हणून. मी चार वर्षं तुझ्यावर रागावण्यात घालवली, आणि त्यातला प्रत्येक दिवस मला तुझी आठवण आली. माझं चुकलं. मला माफ करशील का?

दोन प्रश्न झाले, बाबांचा एक आणि माझा एक. आधी सगळी पत्रं वाच, घाई करू नकोस. मग तुला जे वाटेल ते.

मी आज रजा टाकली आहे. स्वयंपाकघरात चहा टाकून बसलेय. बाबा समोर वर्तमानपत्र धरून बसलेत आणि अर्धा तास एकच पान वाचतायत. दार उघडंच आहे. इथे घंटा ऐकू येते.

तुझी,
ताई